यासीनभाईंची कप्तानी

सामन्याच्या आधी सगळ्या जगातले कप्तान खेळपट्टी बघतात. आमचे यासीनभाई खेळाडूंची पोटं बघायचे.

रविवारी सकाळी चांदूर बाजारच्या मैदानावर आम्ही एकेक करून पोचलो, की ते कडुनिंबाखाली उभे असायचे. नमस्कार-चमत्कार काही नाही. पहिला प्रश्न, "काय खाल्लं?" उत्तरावरून प्रत्येकाची जागा ठरायची. भाकर आणि अंबाडीची भाजी खाऊन आलेला बाउंडरीवर, कारण तो पळू शकतो. भात खाऊन आलेल्याला स्लिपमध्ये मज्जाव, कारण "भात डोयात चढते". लग्नात बुंदी हाणून आलेल्याला सरळ अंपायरिंगला पाठवायचे. आणि कोणी बायकोशी भांडून उपाशी आला असेल तर नवा बॉल त्याच्या हातात. "पोटात आग हाय त्याच्या. वाया काहून घालवाची?"

मला दर रविवारी पोहे खाऊन यावं लागे. पोहे खाल्लेला किपर बरा वाकतो, असा त्यांचा शोध होता. मी गावातल्या हायस्कुलात इतिहास शिकवायचो आणि या संघाचा किपर होतो. किपर म्हणून मी वाईट नव्हतो. हे मी इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे माझा जो अपमान झाला तो वाचणाऱ्याला नीट समजला पाहिजे.

यासीनभाईंचं बाजारात गाद्या-रजयांचं दुकान होतं. रुई पिंजायचं मशीन दिवसभर चालू, त्यामुळे त्यांच्या भुवयांवर कायम पांढरे तंतू बसलेले. मैदानावरही ते तसेच यायचे आणि लांबून पन्नाशीचा माणूस सत्तरीचा दिसायचा. बाहेरगावचे संघ त्यांना वाकून सलाम करायचे आणि यासीनभाई तो घ्यायचे.

संघाचे पॅड त्यांनी स्वतः शिवले होते. बाजारातले पॅड बघून "यात काय हाय, नुसता पुठ्ठा" म्हणाले आणि दुकानातली चांगली रुई भरून त्यांनी आमच्यासाठी पॅड बनवले. ते बांधून रन काढायला निघालेला बॅट्समन दोन उशांमध्ये अडकल्यासारखा दिसे. बॉल पॅडवर लागला की उसळायचाच नाही, तिथेच रुतून बसायचा. एकदा मोर्शीच्या संघाने बॉल सापडत नाही म्हणून तक्रार केली, तेव्हा तो आमच्या ओपनरच्या पायात निघाला.

स्वतः यासीनभाईंनी उभ्या आयुष्यात एकही ओव्हर टाकली नाही. बॅटिंगला शेवटी यायचे, फिल्डिंगला मिडऑफवर उभे राहायचे आणि बोलायचे. कप्तानी कशी करावी याबद्दल त्यांचे ठाम विचार होते आणि ते विचारल्याशिवाय सांगायची त्यांना सवय होती. टॉस हरलेला बरा, कारण "जिकलं तं ठरवा लागते, अन ठरवलं का चुकते". कॅच सुटला तर सोडणाऱ्याकडे पाहू नये, आभाळाकडे पाहावं, "त्याले वाटलं पायजे का आपल्याले दिसलंच नाई". कप्तानाने धावू नये, धावला तर लोकांना वाटतं काही तरी पेटलं. आणि काढून कोणालाही टाकू नये. वाईट खेळला तर जागा बदलावी, पण घरी पाठवू नये. या शेवटच्या तत्त्वामुळे आमच्या संघात निम्मे लोक असे होते की ज्यांना दुसऱ्या कुठल्याही संघाने पाणी द्यायलासुद्धा घेतलं नसतं. घरी भाभीही त्यांना "कप्तान" म्हणायच्या, पण त्यांचा सूर वेगळा असायचा.

ही कप्तानी खऱ्या अर्थाने बघायची, तर श्याम बॉलिंगला येईपर्यंत थांबावं लागे.

श्याम जवळच्याच एका खेड्यातला. डावरा, उंच, तिशीतला गडी. घरी वडिलांनी लावलेली संत्र्याची बाग होती आणि त्या बागेच्या जोरावर तो जरा अकडून चालायचा. आमच्या संघात खरं क्रिकेट येणारी जी दोनतीन माणसं होती, त्यांतला तो पहिला. त्याला दुसरी स्लिप हवी असायची आणि यासीनभाई ती द्यायचे नाहीत.

"कप्तान, दुसरी स्लिप द्या."

"एक हाय न. दुसरी म्हंजे चैन झाली."

"एकीच्या बाजूनं बॉल चालला."

"जाऊ दे न मंग. बॉल हाय तो, जाईनच."

"तुमाले क्रिकेट समजते का नुसती गादी समजते?"

"दोनी समजते. तुले नुसती घाई समजते."

हे दर ओव्हरला. बॅट्समन बॅटवर टेकून उभा राहायचा, कंटाळला की खाली बसायचा. मैदानाच्या कडेला चहाच्या टपरीवर लोक येऊन बसत ते हे भांडण ऐकायला. एकदा अचलपूरच्या एका बॅट्समनने वैतागून मध्ये तोंड घातलं, "देऊन टाका न बाप्पा एक स्लिप. मी कुठी तिकडं मारून राहिलो?" तर दोघेही त्याच्यावरच उलटले. "तू बॅटिंग कर. हे आमच्या घरचं हाय." भांडण संपल्यावर श्याम जो बॉल टाकायचा तो मात्र बघण्यासारखा असे. मला तो पकडावा लागे, म्हणून मी अधिकाराने सांगतो.

ती वर्षं आमच्याकडे वाईट होती. कापसाचं काय झालं ते साऱ्या महाराष्ट्राने पेपरात वाचलं, संत्र्याचं त्या मानाने कमी छापून आलं. वरूडपासून आमच्यापर्यंत विहिरी आटल्या. बोअर खोल गेले आणि नुसती धूळ फुंकायला लागले. संत्र्याचं झाड शेंड्याकडून वाळत येतं. माणूस रोज सकाळी जाऊन खोड नखाने खरवडतो आणि आत अजून हिरवं आहे का बघतो. श्यामने टँकर आणून बाग जगवायला पाहिली. पुढच्या उन्हाळ्यात टँकरलाच पाणी मिळेना. शेवटी त्याने माणसं बोलावून बाग तोडली आणि लाकूड वीटभट्टीवर गेलं.

त्यानंतरच्या रविवारी तो वेळेवर मैदानावर आला. यासीनभाईंनी विचारलं, "काय खाल्लं?" तो म्हणाला, "खाल्लं." काय ते सांगितलं नाही.

सामना सुरू झाला. यासीनभाईंनी नेहमीप्रमाणे दुसरी स्लिप मोकळी ठेवली आणि हनुवटी पुढे काढून भांडायच्या तयारीत उभे राहिले. श्यामने बॉल घेतला आणि मुकाट्याने मागे चालू लागला.

"फिल्डिंग पायली का?" यासीनभाईंनी हाक मारून विचारलं.

"ठीक हाय," श्याम म्हणाला.

सगळ्या ओव्हरमध्ये तो एवढंच बोलला. संघाला बरं वाटलं. प्रमोद म्हणाला, आज सामना वेळेत संपेल. प्रमोद आमचा उपकप्तान. स्टँडवर एसटीडी बूथ चालवायचा. क्रिकेटमधलं त्याला खरंच कळायचं. यासीनभाईंचं काय करावं, तेवढं मात्र कळत नसे.

संध्याकाळी मी दुकानावर गेलो. मशीन बंद होतं आणि यासीनभाई पिंजलेल्या रुईच्या ढिगात हात खुपसून बसले होते.

"मास्तर, श्याम्या भांडला नाई."

"बरं झालं न. कानाले आराम भेटला."

"बरं नाई झालं. सोताच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी अंगाले हयद होती, तवाबी येऊन भांडला व्हता तो. आता म्हनते ठीक हाय. काय ठीक हाय?"

 त्या वर्षांत आमच्याकडे एखादा माणूस बोलायचा बंद झाला की लोक घाबरायचे. का घाबरायचे ते कोणी कोणाला समजावून सांगत नसे. घरची माणसं त्याला एकटं सोडत नसत. यासीनभाईंनीही ते उच्चारलं नाही. "त्याच्या घरी जाऊन येऊ," एवढंच म्हणाले.

दोनतीन दिवसांनी आम्ही दोघं त्यांच्या लुनावरून श्यामच्या घरी गेलो. श्यामने चहा आणून दिला, समोर बसला. प्रश्न विचारला की "ठीक हाय". पाऊस, क्रिकेट, तब्येत, सगळं ठीक. निघताना त्याची बायको सुनीता दारापर्यंत आली आणि डोक्यावरचा पदर सावरत हळू आवाजात म्हणाली, "यासीनभाऊ, ते बैलायसंग बोलत व्हते रोज. आता त्याह्यच्यासंग बी बोलत नाई. फकत रविवार आला का पांढरे कपडे घालते अन निंगते. तेवढं चालू ठेवा तुमी."

"ठेवतो, बेटा," यासीनभाई म्हणाले. परतीच्या वाटेवर त्यांनी लुना एकदा नालीत घातली.

पुढच्या रविवारी त्यांनी चक्क दुसरी स्लिप दिली. इतक्या वर्षांत न दिलेली. वर तिसरीही हवी का म्हणून विचारलं. मला वाटलं, आता श्याम निदान हसेल. "ठीक हाय," श्याम म्हणाला आणि बॉल टाकायला गेला. यासीनभाईंचा चेहरा पडला तो दिवसभर वर आला नाही.

त्याच्या पुढच्या रविवारपासून आमच्या फिल्डिंगला वेड लागलं.

एकदा सगळे फिल्डर एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूला वाऱ्याशिवाय कोणी नाही. एकदा दोन माणसं एकाच जागी खांद्याला खांदा लावून उभी. एकदा तर स्लिपमधला माणूस बाउंडरीवर नेला आणि बाउंडरीवरच्याला कडुनिंबाखाली बसवलं. तो विचारायला लागला तर म्हणाले, "फिल्डरनं उभंच राहा लागते असं कोनं सांगतलं तुले?" श्याम प्रत्येक वेळी एक नजर टाकायचा, बॉल टाकायचा, बॉल मोकळ्या बाजूने सीमापार गेलेला बघायचा आणि परत मागे चालू लागायचा. गावातल्या डॉक्टरांच्या संघाकडून आम्ही हरलो. त्या संघात पोट सुटलेले सात जण होते आणि एकाला मध्येच पेशंट आला म्हणून तो निघून गेला होता.

शेवटी मी यासीनभाईंना कोपऱ्यात घेतलं. "कप्तान, हे काय चाललं?"

"भांडन काढून राहिलो, मास्तर," ते अगदी सरळ म्हणाले. "निघत नाई."

"त्याले बसवून सरळ बोला न."

"बोललो न. तुमी व्हते न संग. सरळ बोललं का ठीक हाय म्हनते. रुई दबून दबून गोया झाली का हातानं नाई सुटत. तिले ठोका लागते."

"अन टीम हरून राहिली त्याचं काय?"

"टीमले हराची सवय हाय. त्याले नाई."

प्रमोदला आणि बाकीच्यांना खरं काय ते सांगू का, असं मी विचारलं. त्यांनी साफ मनाई केली. सांगितलं तर सगळे श्यामकडे कीव करून पाहतील आणि कीव केली की माणूस आणखी आत जातो, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग मीही गप्प राहिलो आणि संघ आमच्या कप्तानाला वेडा म्हणत राहिला.

अशा अवस्थेत आम्ही त्या वर्षी एका स्पर्धेच्या फायनलला पोचलो. यात आमचं कर्तृत्व फारसं नव्हतं. गावोगावचे संघ पुरे होईनात. पोरं पुण्याला, सुरतेला कामाला निघून गेली होती. आमचे बरेचसे सामने आम्ही न खेळताच जिंकलो. फायनल अकोल्याला, मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरातल्या एका मैदानावर होती.

संत्र्याचा एक टेम्पो भाड्याने घेतला. त्या वर्षी त्यात भरायला संत्री नव्हतीच. परतवाडा, अंजनगाव, अकोट करत निघालो. श्याम मागे फळकुटाला टेकून रस्त्याकडे बघत बसला होता. दोन्ही बाजूंना कुठे कुठे तोडलेल्या बागांची खुंटं दिसत होती. अंजनगाव मागे पडल्यावर प्रमोदने घसा खाकरला.

"कप्तान, सगळ्याइच्या समोर सांगतो. आज फायनल हाय. आज जर तुमी तमाशा केला, तं कप्तानी तुमची नाई राह्यनार. साऱ्या पोराइचं असंच म्हननं हाय."

टेम्पोत कोणी मान वर केली नाही, म्हणजे सगळ्यांचं तेच म्हणणं होतं. यासीनभाईंनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "बरोबर हाय," ते म्हणाले.

मला ते ऐकून वाईट वाटलं, अजून वाटतं. यासीनभाई आणि भाभींना मूलबाळ नव्हतं. हे आम्ही कधी बोलत नसू. आठवडाभर ते दुसऱ्यांच्या घरच्या गाद्या भरायचे, आणि रविवारी त्यांचं स्वतःचं घर मैदानावर भरायचं. कप्तानी गेली तर त्यांच्याकडे काय उरलं असतं, ते मला माहीत होतं आणि त्यांनाही.

सामना चांगला झाला. पहिली बॅटिंग आमची होती आणि आम्ही, आमच्या मानाने, बरे रन केले. जुन्या शहराची पोरं तयारीची होती. मैदानाच्या भिंतीवर सगळा मोहल्ला येऊन बसला होता आणि आमच्या पॅडवरून आमची यथेच्छ टिंगल चालली होती. यासीनभाईंनी त्या दिवशी फिल्डिंग शहाण्यासारखी लावली. प्रमोदचा जीव भांड्यात पडला. श्यामने सुरुवातीला दोन गडी काढले आणि एकदाही हसला नाही. सामना अगदी शेवटापर्यंत आला, त्यांना थोडेच रन हवे होते आणि शेवटची ओव्हर श्यामची होती. कोणीही जिंकलं असतं.

श्याम बॉल घेऊन मागे निघाला. यासीनभाई मिडऑफवरून त्याच्या पाठीकडे बघत होते. मग ते माझ्याकडे वळले.

"मास्तर, ग्लोव्ह काढा. बाउंडरीवर जा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "अन स्टंपमागं कोन?"

"कोनी नाई."

मी आयुष्यात खूप ऐकून घेतलं आहे, हायस्कुलात नोकरी केली म्हटल्यावर ते आलंच. पण फायनलच्या शेवटच्या ओव्हरला, भर अकोल्यात, भिंतीवर बसलेल्या त्या सगळ्या मोहल्ल्यासमोर किपरला "जा" म्हणणं म्हणजे काय, ते किपरच जाणे. मी नाही म्हणणार होतो. प्रमोद कव्हरमधून "कप्तान, कप्तान" करत धावत निघाला होता. पण यासीनभाई माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या नजरेत हुकूम नव्हता, विनंती होती. मी ग्लोव्ह काढले आणि बाउंडरीकडे चालू लागलो. भिंतीवरून शिट्ट्या पडल्या.

दोन्ही अंपायर एकत्र आले. किपर पाहिजेच असा काही नियम आहे का, यावर त्यांची कुजबुज झाली. दोघांनाही आठवेना, तेव्हा त्यांनी खेळ चालू करायला सांगितला. बॅट्समनने मागे वळून मोकळी जागा पाहिली आणि तोंडावर हात धरला.

श्याम पळत आला आणि थांबला. परत मागे गेला. पुन्हा पळत आला, अर्ध्यात थांबला. मग त्याने बॉल खाली टाकला.

"कप्तान." त्याचा आवाज गंजल्यासारखा आला. "किपर कुठी गेला?"

"बाउंडरीवर हाय."

"काहून?"

"मले वाटलं म्हनून. तू तं काई बोलला नाई."

"किपर बी मांगा लागते काय?"

"मांगा लागते, श्याम्या," यासीनभाई म्हणाले. "जे पायजे ते मांगा लागते. तोंड हाय न तुले."

 श्याम यासीनभाईंच्या अंगावर चालून गेला. मी बाउंडरीवर होतो, मला प्रत्येक शब्द ऐकू आला, आणि माझ्या मागे भिंतीवर बसलेल्यांनाही. यासीनभाईंना क्रिकेट समजत नाही. त्यांनी गाद्या भराव्या, पोरांचं वाटोळं करू नये. इतकी वर्षं एक स्लिप मागून राहिलो, एक स्लिप, मागितली तेव्हा दिली नाही, अन आता किपर काढला. डोकं ठिकाणावर आहे का? डॉक्टरांच्या टीमसमोर इज्जत घालवली. सगळे रविवार त्याला पाठ होते. एकही फिल्डिंग तो विसरला नव्हता.

"अन मले म्हनते मांगा लागते. कोनाले मांगू? पानी कोनाले मांगू मी? बाबानं लावेल झाडं व्हते ते. विहिरीपासचं एक जितं व्हतं. नखानं खरवडून पायलं मी, हिरवं व्हतं आतून. तोडनारे म्हने, एकाले कायले ठेवतं, याले बी घेऊन टाकू. मी चूप राह्यलो. एक शबूद नाई बोललो. माह्या डोयासमोर जितं झाड तोडू देल्लं मी."

तो खेळपट्टीच्या कडेला खाली बसला आणि रडू लागला. मोठा माणूस रडतो तसा, आवाज करून.

यासीनभाईंनी त्याला हात लावला नाही. समोर उकिडवे बसले आणि "सांग" म्हणाले. श्याम सांगत राहिला, ते ऐकत राहिले. भिंतीवरची टिंगल केव्हाच थांबली होती. त्या संघाचा कप्तान, विशीतला पोरगा, पाण्याची बाटली घेऊन आला आणि श्यामच्या बाजूला ठेवत म्हणाला, "आराम से, भाई. कोई जल्दी नहीं है." अंपायरनी घड्याळाकडे पाहिलं नाही, याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.

बऱ्याच वेळाने श्याम उठला. तोंड धुतलं. बॉल उचलला आणि फिल्डिंग लावायला लागला. स्वतः, कोणाला न विचारता. "मास्तर, या वापस. ग्लोव्ह घाला. प्रमोद, तू दुसऱ्या स्लिपमधी." मग यासीनभाईंकडे न बघता म्हणाला, "अन तुमी जा तिकडं लाँगलेगले, बाउंडरीवर. आता मले तोंड नका दाखवू."

यासीनभाईंनी मिडऑफ कधी सोडला नव्हता. त्यांना लाँगलेग कुठे असतो ते मी बोटाने दाखवलं आणि ते तिकडे चक्क पळत गेले.

पहिल्याच बॉलला श्यामने मधला स्टंप उडवला. पुढच्या बॉलला कड लागून कॅच सरळ दुसऱ्या स्लिपमध्ये गेला आणि प्रमोदने तो सोडला. इतक्या वर्षांच्या भांडणानंतर श्यामने स्वतः लावलेली ती दुसरी स्लिप. मी आभाळाकडे पाहिलं. त्यापुढचा बॉल बॅट्समनने पायांवरून लाँगलेगकडे फिरवला.

जोरात गेला नव्हता. कोणीही अडवला असता. मी वळून पाहिलं तर यासीनभाई बाउंडरीवर दोन्ही हातांनी रुमाल तोंडावर दाबून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते. बॉल त्यांच्या बुटाला घासून चौकार गेला आणि आम्ही फायनल हरलो. त्यांना तो दिसलाच नाही.

भिंतीवरची सगळी पोरं मैदानात उतरली. आमचे लोक डोक्याला हात लावून होते तिथेच बसले. प्रमोद तरातरा लाँगलेगपर्यंत गेला, मी त्याच्या मागे. "कप्तान, झालं," तो म्हणाला. "आजपासून टीम मी पाह्यतो."

"बरोबर हाय," यासीनभाई म्हणाले, पण त्यांचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. ते त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. खेळपट्टीकडून श्याम येत होता, हातवारे करत, तिथूनच ओरडत. साधा बॉल अडवता येत नाही, डोळे आहेत का बटनं, उभं कुठं राहायचं ते समजत नाही, रुमाल कशाले पायजे मॅचमधी. तो जवळ आला तसा त्याचा आवाज आणखी चढला.

भिंतीवरून एक पांढऱ्या दाढीचे बुजुर्ग खाली उतरले. तरणा माणूस म्हाताऱ्याला भर मैदानात इतकं बोलतो, हे त्यांना बघवेना. ते श्यामला आवरायला हात पुढे करून मध्ये आले. यासीनभाईंनी त्यांचा हात धरून त्यांना बाजूला घेतलं. त्यांचे डोळे लाल झाले होते आणि भुवयांवरची रुई ओली झाली होती.

"बोलू द्या, चाचा," ते म्हणाले. "बोलू द्या त्याले."